बॅटरीवर आळ घेण्याआधी

जुनी मोटरसायकल सकाळी सेल घेईनाशी झाली की पहिला आळ बॅटरीवर येतो. मालक म्हणतो बॅटरी गेली, शेजारी म्हणतो बॅटरी गेली, आणि गॅरेजवालाही सीट काढून बहुतेक तेच सांगतो. नवी बॅटरी बसते, गाडी एका दमात सुरू होते, सगळ्यांचे समाधान होते. महिना-दोन महिने जातात आणि तीच गाडी पुन्हा दारात मुकी उभी राहते. आता दोष बॅटरीच्या कंपनीला किंवा दुकानदाराला जातो, वॉरंटीवरून वाद होतात. मुळात पहिल्या दिवशी कुणी मीटर लावून पाहिलेच नव्हते, ही गोष्ट या बोलाचालीत कुणाच्या लक्षातही येत नाही. मेकॅनिकला अडाणी किंवा गिऱ्हाइकाला कंजूष ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. आपण वस्तूचे पैसे देतो, तपासणीचे देत नाही. म्हणून तपासणी होत नाही आणि वस्तू मात्र बदलली जाते. जुन्या गाडीच्या बाबतीत ही सवय सर्वांत महाग पडते.

उचगावसारख्या गावात हा विषय चैनीचा नाही. करवीर तालुक्यातले हे गाव कोल्हापूरला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. जवळच गांधीनगरची कापडपेठ, महामार्गाने एका दिशेला शिरोलीची एमआयडीसी, दुसऱ्या दिशेला गोकुळ शिरगाव आणि त्यापुढे कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत. पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगारासाठी, पेठेत हिशेब लिहिणाऱ्या पोरासाठी किंवा दूध घालून मग कामावर जाणाऱ्या माणसासाठी मोटरसायकल हे रोजीचे साधन आहे. ती अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या हातची असते. अशा घरात गाडी एक दिवस बंद पडली तर खाडा होतो, आणि चुकून बदललेली बॅटरी म्हणजे त्या महिन्याच्या किराण्यातून गेलेले हजार-दोन हजार रुपये. याच पट्ट्यात मोजमापाची शिस्तही आहे. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात कास्टिंगवर काम करणारा ऑपरेटर व्हर्निअर आणि मायक्रोमीटर लावल्याशिवाय जॉब पुढे सोडत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तर माल परत येतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. तोच माणूस पाळी सुटल्यावर स्वतःच्या गाडीचे निदान हॉर्नच्या आवाजावरून करतो, किंवा दुसऱ्याने केलेले मान्य करतो. ही विसंगती मला खटकते, कारण इथे मोजायची साधने त्या कारखान्यांतल्या साधनांपेक्षा कितीतरी स्वस्त आणि सोपी आहेत.

गाडीतली वीज कुठून येते आणि कुठे जाते, हे आधी पाहू. इंजिन फिरले की मॅग्नेटच्या आत बसवलेल्या स्टेटर कॉइलमध्ये वीज तयार होते. ती उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते. तिला सरळ करून डीसी करणे आणि तिचा दाब हाताबाहेर जाऊ न देणे, ही दोन्ही कामे एकाच डबीत होतात. गॅरेजमध्ये तिला ‘आरआर युनिट’ म्हणतात. तिथून वीज बॅटरीत जाते आणि बॅटरीतून सेल, दिवे, हॉर्न, इंडिकेटर आणि आताच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप व कंट्रोल युनिट यांना मिळते. घरावरची टाकी सकाळी कोरडी सापडली तर आपण लगेच नवी टाकी आणत नाही. मोटर चालते का, पाइप फुटला आहे का, रात्रभर एखादा नळ गळत होता का, हे बघतो. बॅटरी ही टाकी आहे. ती रिकामी असण्याची कारणे चार: टाकीच फुटली, पाणी चढत नाही, मधली जोडणी खराब आहे, किंवा कुठेतरी गळती आहे. चारही वेळा बाहेरून दिसणारे लक्षण एकच, सेल लागत नाही. लक्षण एक आणि कारणे चार असतील तर अंदाजाने दुरुस्ती करणाऱ्याचा नेम चुकणारच, मग तो कितीही अनुभवी असो.

या चारांतले कारण ओळखायला मल्टिमीटरचे तीन आकडे बऱ्याच अंशी पुरतात. गाडी काही तास, शक्यतो रात्रभर, उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावायचा. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात आणि भरलेला एक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकत असेल तर सहापैकी एक सेल मेला, असे बहुतेक खात्रीने सांगता येते. दुसरा आकडा सेल मारताना बघायचा. भरलेल्या, निरोगी बॅटरीचा दाब त्या क्षणी खाली येतो, पण दहाच्या आसपास किंवा वर टिकतो. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीला ओझे पेलवत नाही. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी घेत नाही. इंजिन सुरू करून, हेडलाइट चालू ठेवून, ॲक्सिलरेटर चार-पाच हजार आरपीएमपर्यंत न्यायचा आणि बॅटरीवरचा दाब वाचायचा. तो १३.५ ते १४.८ च्या दरम्यान आला तर चार्जिंग ठीक. साडेबारावरच रेंगाळला किंवा रेस वाढवताना उलट घसरला, तर बॅटरीत वीज जातच नाही; अशा गाडीत कितीही भारी बॅटरी टाका, ती उतरणारच. आकडा पंधराच्या वर गेला तर आरआर युनिट दाब रोखत नाही आणि बॅटरी आतून शिजते आहे. पाण्याच्या बॅटरीची पातळी वारंवार खाली जाणे, मेंटेनन्स-फ्री बॅटरीचे पोट फुगणे, बल्ब पुन्हापुन्हा उडणे ही त्याचीच चिन्हे. या दुखण्याने मेलेली बॅटरी ‘कंपनीचा माल खराब’ म्हणून परत केली जाते आणि तिच्या जागी बसलेलीही त्याच वाटेने जाते.

दुसऱ्या आकड्यात एक बारकावा आहे. समजा सेलचे बटण दाबले, ‘टक्’ असा आवाज आला आणि इंजिन फिरले नाही. बॅटरी बसली, असे म्हणण्याचा मोह होतो. मीटर बघावे तर आकडा बारावरच आहे, हललाच नाही. याचा अर्थ बॅटरीतून वीज बाहेर पडलीच नाही. सेलची मोटर खरोखर ओढत असती तर दाब खाली आला असता. दोष मग रिलेत, सेल मोटरच्या ब्रशमध्ये, नाहीतर एखाद्या सैल अर्थिंगमध्ये असतो. जुन्या गाडीची सीट काढून निगेटिव्ह टर्मिनलकडे नीट पाहावे: बोल्टच्या कडेने पांढरट-हिरवा मळ चढलेला असतो, त्याखाली वायरचा लग काळा पडलेला असतो आणि हाताने हलवला तर किंचित फिरतो. अर्थिंगची वायर चासीला जिथे कसलेली असते तिथे रंग आणि गंज यांचा थर असतो. हे दोन जोड पॉलिश पेपरने घासून, कसून, वर थोडी व्हॅसलीन लावायला फारसा वेळ लागत नाही आणि खर्च जवळपास शून्य. ही गाडी नव्या बॅटरीने का सुरू होते, याचेही उत्तर इथेच आहे. बॅटरी बदलताना टर्मिनल सोडून पुन्हा कसली जातात, मळ थोडा खरवडला जातो, आणि गाडी सुरू होण्याचे श्रेय नव्या बॅटरीला मिळते. जुनी मात्र भंगारात जाते.

चार्जिंग होत नाही असे तिसऱ्या आकड्याने सांगितले, तरी शोध तिथे संपत नाही. कॉइलकडून आरआर युनिटकडे जाणाऱ्या, बहुतेक गाड्यांत एकाच रंगाच्या तीन वायरी असतात. कपलर सोडून त्या तिघींत दोन-दोनच्या जोड्या करून एसी व्होल्ट मोजले तर तिन्ही जोड्यांचे आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत आणि रेसबरोबर वाढले पाहिजेत. एक जोडी मागे पडली तर कॉइलचा एक फेज जळला. इंजिन बंद करून त्याच वायरी आणि इंजिनची बॉडी यांच्यात कंटिन्युटी मिळाली तर कॉइल बॉडीला लागली आहे. कॉइल निर्दोष निघाली तर संशय आरआर युनिटवर, आणि त्याआधी मधल्या कपलरवर. कपलरचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेले असणे हे जुन्या गाडीतले फार नेहमीचे दृश्य आहे. सैल पिनेत उष्णता तयार होते, उष्णतेने पिन आणखी सैल होते, आणि शेवटी जोडच जळतो. अनेक आरआर युनिट जादा वीज कॉइलमध्येच जिरवून दाब आवरतात, त्यामुळे त्यांना सतत उष्णता बाहेर टाकावी लागते. पट्ट्यांवर चिखलाचा थर वाळून बसला की ते काम अडते. गळती शोधायला मीटर अँपिअरवर ठेवून, चावी बंद असताना, निगेटिव्ह वायरच्या मध्ये जोडायचा. साध्या गाडीत तिथे काही मिलिअँपिअरपलीकडे काही दिसू नये. चोरीच्या भीतीने लावलेला अलार्म किंवा ट्रॅकर समजा ५० मिलिअँपिअर ओढत असेल, तर ३ अँपिअर-अवरची बॅटरी ६० तासांत, म्हणजे अडीच दिवसांत कोरडी पडते. शनिवारी उभी केलेली गाडी मंगळवारी सुरू होत नाही, आणि आळ पुन्हा बॅटरीवर.

इथे एक सर्रास ऐकू येणारे कारण तपासून बघण्यासारखे आहे. गाडी रोज जवळच्या जवळच चालते, उचगावातून गांधीनगर आणि परत, म्हणून बॅटरी भरत नाही, असे सांगितले जाते. हिशेब करून पाहा. सेलने ४० अँपिअर ओढले आणि बटण तीन सेकंद दाबले, तर खर्च झाला १२० अँपिअर-सेकंद. चार्जिंग फक्त १ अँपिअरने होत असेल तरी तो दोन मिनिटांत भरून निघतो. वाटेतली घट धरून चार मिनिटे म्हणा. म्हणजे चार्जिंग धड असलेल्या गाडीला छोटा प्रवासही पुरतो. तो पुरत नसेल तर एकतर चार्जिंग कमी आहे, किंवा वीज दुसरीकडे जाते आहे. ३५ वॅटचा हेडलाइट एकटाच जवळजवळ ३ अँपिअर खातो. त्यावर मागच्या मालकाने हौसेने लावलेले जादा फोकस, एलईडी पट्ट्या आणि मोठा हॉर्न आला की कमी रेसवर, वाहनांच्या गर्दीत, कॉइलची कमाई खर्चाला पुरत नाही. जवळचा प्रवास हे निदान नव्हे. निदान टाळण्याची सोय आहे.

पूर्वी हे सगळे खपून जात होते, हे खरे. जुन्या शंभर सीसीच्या कितीतरी गाड्यांत इग्निशनची वीज थेट कॉइलमधून यायची. बॅटरी मेली तरी किक मारून गाडी चालायची, फक्त हॉर्न आणि इंडिकेटर गप्प व्हायचे. म्हणून बॅटरी ही दुय्यम वस्तू, असे मन घडले. त्याच काळातल्या बुलेटवर हँडलसमोर अँमीटरचा काटा असायचा आणि चार्जिंग होते की नाही हे चालवणाऱ्याला चालता चालता दिसायचे. आज बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर ती सोय नाही. दरम्यान काळ बदलला. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत कायम चालू राहतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि त्याबरोबर बहुतेक मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन. पंपाला आणि कंट्रोल युनिटला ठरावीक दाबाची वीज लागते. बॅटरी पार उतरली तर किक असूनही अनेकदा उपयोग होत नाही, आणि कित्येक मॉडेलांची किक तर काढूनच टाकली आहे. काही गाड्यांत सेलची मोटर आणि चार्जिंगचा जनरेटर हे एकच यंत्र झाले आहे. या गाड्या आता सेकंडहँड बाजारात येऊ लागल्या आहेत. म्हणजे जुन्या अंदाजांच्या भरवशावर नव्या घडणीच्या गाड्यांची दुरुस्ती होणार आहे, आणि चूक पूर्वीपेक्षा महाग पडणार आहे.

काही अंदाज नुसते चुकीचेच नाहीत, घातक आहेत. इंजिन सुरू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि गाडी चालूच राहिली तर ‘चार्जिंग ओके’ म्हणायचे, ही युक्ती अजून पाहायला मिळते. बॅटरी मध्ये असते तेव्हा ती दाबाचे चढउतार शोषून घेते. ती काढली की सगळा झटका कंट्रोल युनिटवर आणि मीटर-कन्सोलवर जाऊ शकतो, आणि त्यांची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट असते. बॅटरीची ताकद बघायला दोन टर्मिनलमध्ये पाना टेकवून ठिणगी पाडणे त्याहून वाईट: चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि तो पेट घेतो, ॲसिड डोळ्यांत जाऊ शकते. फ्यूज पुन्हापुन्हा उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारा माणूस शॉर्ट दुरुस्त करत नाही, गाडीला आग लागण्याची तयारी करून ठेवतो. जुनी गाडी घेताना फ्यूजबॉक्स उघडून एवढे एक पाहिले तरी मागच्या हातांची कामाची पद्धत कळते.

कोल्हापूरच्या परिसरात फ्यूजबॉक्स उघडण्याला आणखी एक कारण आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी ४३ फूट; २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. अशा पुरात उभ्या असलेल्या दुचाकी पुढे धुऊन, पॉलिश होऊन विक्रीला येतात, तेव्हा टाकी चकाचक असते, इंजिन ऑइल नवे असते आणि बॅटरीही कोरी असते. पण पाणी कपलरच्या आत आणि वायरच्या आवरणाखाली शिरलेले असते. तांब्याला आतून हिरवा गंज चढतो, रोध वाढत जातो आणि दोष वर्ष-दोन वर्षांनी डोके वर काढतो. हेडलाइटच्या वाटीत, सीटखालच्या खाचांत, कपलरच्या रबरी टोपीत गाळाची बारीक रेघ राहून जाते. पाण्याचा फवारा तिथे पोहोचत नाही. कोरी बॅटरी पाहून गिऱ्हाईक खूश होते. मला वाटते, जुन्या गाडीत कोरी बॅटरी दिसली तर पहिला प्रश्न हाच हवा: जुनीला काय झाले होते?

आता आक्षेप. पहिला, आणि आदराने ऐकण्याजोगा आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा: वीस वर्षे हाताखालून गाड्या गेल्या, आम्हाला मीटरची गरज काय? अनुभवाची किंमत मी कमी लेखत नाही. कोणत्या मॉडेलची कॉइल लवकर जळते, कोणता कपलर दगा देतो, हे अनुभवच सांगतो आणि शोध कुठून सुरू करायचा तेही तोच ठरवतो. पण वायरीतला दाब डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. उद्यमनगरातला मुरलेला टर्नरही शेवटी मायक्रोमीटर लावतोच, आणि त्याने त्याच्या हाताची किंमत कमी होत नाही. दुसरा आक्षेप असा, की सगळ्या गाड्यांना एकच आकडे लागू होत नाहीत. बरोबर आहे. जुन्या काही छोट्या गाड्यांत चार्जिंगला कॉइलची अर्धीच लहर वापरली जाते आणि हेडलाइट थेट एसीवर जळतो. तिथे मंद रेसवर दिवा मिणमिणणे हा दोष नाही, तर गाडीची रचना आहे. म्हणूनच तर अंदाज सोडायचा. दिवा मंद दिसला म्हणून बॅटरी बदलणारा माणूस या गाडीत हमखास फसतो. प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तिचे आकडे दिलेले असतात आणि मीटरवाला त्यांच्याशी ताडून बघू शकतो. तिसरा आक्षेप चलाख आहे: विकणारा रात्रभर बॅटरी चार्जरला लावेल आणि सकाळी झकास आकडा दाखवेल. पहिला आकडा असा फसवता येतो, मान्य. त्यासाठी हेडलाइट एक-दोन मिनिटे लावून वरवरचा भार उतरवायचा आणि मग मोजायचे. तिसरा आकडा मात्र चार्जर लावून घडवता येत नाही. तो कॉइल आणि आरआर युनिटच्या कामावरच उभा असतो.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तोच खरा. तपासणीला अर्धा तास जातो, त्याचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक ‘नुसते बघायचे कसले पैसे?’ म्हणून पुढच्या गॅरेजला जाते. बॅटरी विकली तर दुकानदाराला मार्जिन मिळते, आणि जुनी बॅटरी परत घेऊन तिचेही काही हाती लागते. या हिशेबात प्रामाणिक निदान करणारा मेकॅनिक तोट्यात जातो: त्याने अर्थिंग घासून गाडी सुरू करून दिली तर त्याला हातावर किरकोळ रक्कम टेकवली जाते, आणि ज्याने काहीही न तपासता बॅटरी बदलली त्याचा दिवस बरा जातो. ही रचना आपण गिऱ्हाइकांनीच केली आहे, तेव्हा ती बदलायची सुरुवातही आपल्याकडूनच व्हायला हवी. चांगल्या तपासणीचे दोनशे रुपये जास्त वाटतात, पण अनावश्यक बॅटरीचे दीड हजार आपण मुकाट्याने मोजतो. तपासणीत बॅटरीच खराब निघाली तर ते दोनशे वाया गेले, असेही नाही. नवीला मारणारे चार्जिंग नाही, एवढी खात्री त्यात मिळाली.

यात फक्त आपल्या खिशाचा प्रश्न असता तर एवढे लिहिले नसते. प्रत्येक बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल असते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणून वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची आणि त्यांच्यावर नीट प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तरीही भंगाराच्या वाटेने गेलेली बॅटरी उघड्यावर फोडली आणि वितळवली जाण्याचा धोका राहतोच. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी साधारण एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे म्हटले होते, आणि लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा असा बेशिस्त पुनर्वापर हे त्याचे एक मोठे कारण सांगितले होते. धडधाकट बॅटरी केवळ अंदाजाने बाद करणे म्हणजे त्या साखळीत आपणही भर घालणे.

कायद्याकडून याबाबत फार अपेक्षा ठेवता येत नाही. गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० भरले जातात. त्यांत मालकीचा तपशील असतो, गाडीच्या प्रकृतीचा नसतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन जुन्या वाहनांच्या डीलरना अधिकारपत्र घेण्याची तरतूद आली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिचाही भर गाडी कुणाच्या ताब्यात आहे यावर आहे, आणि ते योग्यच आहे. पण व्यवहाराच्या साध्या पावतीवर तीन आकडे लिहून घ्यायला कोणत्याही नियमाची वाट पाहावी लागत नाही: उभ्या गाडीचे व्होल्ट, सेल मारतानाचे, आणि रेसवरचे. खाली तारीख आणि विकणाऱ्याची सही. डीलरकडून घेतलेल्या गाडीबाबत पुढे ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आली तर तोंडी ‘बॅटरी एकदम नवीन आहे’ यापेक्षा हा कागद वजनदार ठरेल. ओळखीतल्या व्यवहारात तर तो अधिकच उपयोगी, कारण मित्राशी किंवा पाहुण्याशी नंतर वाद घालण्यापेक्षा आधी आकडा पाहणे दोघांनाही सोयीचे. हे आकडे द्यायला विकणारा तयार नसेल तर गाडी सोडून द्यावी, किंवा कॉइल, आरआर युनिट आणि बॅटरी अशा तिन्हींचा खर्च धरून किंमत पाडून मागावी.

उचगाव, गांधीनगर, सरनोबतवाडीच्या रस्त्यांवरच्या गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे, की पंक्चर आणि ऑइलच्या दराशेजारी एक पाटी आणखी लावा: ‘बॅटरी-चार्जिंग तपासणी’, खाली ठरलेला दर, आणि आकडे लिहून मिळतील असा शब्द. दर सगळ्यांनी मिळून ठरवला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात पळणार नाही. आणि गाडी घेणाऱ्यांनो, टाकीवरचा रंग आणि टायरची नक्षी बघून झाली की सीट उघडायला सांगा, मीटर लावायला सांगा, रेसवरचा आकडा स्वतः वाचा आणि तो लावणाऱ्याच्या हातावर त्याचे पैसे ठेवा.